गाण्यांची कव्हरं कशी बघायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं मी जुन्या एलपी (पूर्ण अल्बमच्या मोठ्या तबकड्या) आणि सिंगल्स (एक-दोन गाण्यांच्या तबकड्या) जमवतोय. मास मीडिया नाहीतर अप्लाइड आर्टच्या मुलांना कव्हरवर असाइनमेंट आली की ती घरी येतात, मग आम्ही सतरंजीवर कव्हरं पसरून बसतो, आणि दरवर्षी साधारण तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र लिहितोय. उदाहरणं जास्त करून ब्रिटिश-अमेरिकन आहेत, कारण या कलेचा मोठा भाग तिकडेच घडला, जिथे आपल्याकडचा धागा खरोखर जुळतो तिथे तो घेतलाय.

कव्हरचं अ‍ॅनालिसिस म्हणजे त्यातला लपलेला अर्थ शोधून काढायचा ना?

सगळ्यात जास्त गाडी इथेच घसरते, म्हणून हा प्रश्न पहिला. बीटल्सच्या अ‍ॅबी रोडचं कव्हर घ्या, चौघं जण झेब्रा क्रॉसिंगवरून चाललेत. १९६९ च्या शरद ऋतूत अफवा उठली की पॉल मॅकार्टनी मेलाय आणि कव्हरवर त्याच्या खुणा ठेवल्यात: तो अनवाणी आहे म्हणजे प्रेत, पांढऱ्या कपड्यातला लेनन म्हणजे पाद्री, काळ्या कपड्यातला रिंगो म्हणजे अंत्ययात्रेतला माणूस, डेनिममधला जॉर्ज म्हणजे कबर खणणारा, मागच्या फोक्सवॅगनच्या नंबरप्लेटवर "२८ आयएफ" म्हणजे पॉल जगला असता तर अठ्ठावीसचा असता (खरं तर तो तेव्हा सत्तावीसचा होता). आता खरं काय घडलं ते बघा. तारीख ८ ऑगस्ट १९६९, दिवस उन्हाळ्याचा, स्टुडिओच्या दारातलाच रस्ता, फोटोग्राफर इयन मॅकमिलन शिडीवर चढलेला, एक पोलीस गाड्या थांबवतोय, आणि दहाएक मिनिटांत एकूण सहा फोटो. त्यातल्या काही फोटोंत पॉलच्या पायात चपला दिसतात! म्हणजे त्यानं मधेच त्या काढल्या आणि निवडला गेलेला फोटो अनवाणी पायांचा निघाला, एवढंच.

म्हणून मुलांना मी आधी हे सांगतो की प्रतीक शोधायच्या आधी अडचण शोधा. वेळ किती होता, पैसे किती होते, रंग किती परवडत होते, पुठ्ठा केवढा, कंपनीनं कशाला नाही म्हटलं. हे कळलं की निम्मं कव्हर उलगडतं, आणि जे उरतं ते खरं डिझायनरचं.

मग सुरुवात नेमकी कुठून करू?

दिसतंय ते लिहून काढण्यापासून. अर्थ, भावना, "असं वाटतं की" सगळं बाजूला ठेवा आणि आंधळ्या माणसाला फोनवर सांगताय असं वर्णन करा.

जॉय डिव्हिजनच्या अननोन प्लेझर्सवर (१९७९) करून बघू. पूर्ण काळं कव्हर, मधोमध पांढऱ्या बारीक आडव्या रेघा एकाखाली एक, कडेला सपाट आणि मध्ये डोंगरासारख्या उसळलेल्या, बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही, चारी बाजूंना भरपूर रिकामा काळा. हातात घेतलं तर पुठ्ठा खरखरीत लागतो. इथवर कोणीही येतं. आता विचारा, रेघा कुठून आल्या? ते पल्सारच्या (ठरावीक लयीत रेडिओ लहरी पाठवणाऱ्या फिरत्या ताऱ्याच्या) रेडिओ स्पंदनांचं चित्र आहे, ऐंशी स्पंदनं एकाखाली एक रचलेली. सीपी १९१९ हा सापडलेला पहिला पल्सार, १९६७ मध्ये जोसलिन बेलनं केंब्रिजमध्ये शोधला. हा आलेख हॅरल्ड क्राफ्ट नावाच्या संशोधकाच्या पीएचडी प्रबंधातला, तिथून तो खगोलशास्त्राच्या एका ज्ञानकोशात गेला आणि ज्ञानकोशातून बँडच्या हातात आला. मूळ चित्र पांढऱ्यावर काळं होतं, बँडलाही पांढरंच कव्हर हवं होतं, डिझायनर पीटर सॅव्हिलनं ते उलटं केलं, काळ्यावर पांढरं.

म्हणजे सॅव्हिलनं रेघ काढली नाही, रेघ आयती होती. त्यानं रंग पालटला, चित्र लहान ठेवून भोवती काळोख सोडला, नाव काढून टाकलं आणि पुठ्ठा निवडला. तुमचं अ‍ॅनालिसिस या चार गोष्टींवर हवं. "रेघा म्हणजे हृदयाचे ठोके" असं बरीच मुलं लिहितात, ते चूक आहे, तरी तसं का वाटतं हा प्रश्न चांगला आहे आणि त्यावर जरूर लिहा.

अल्बमला अल्बम का म्हणतात? कव्हर पहिल्यापासून होतं का?

७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं मावायची, त्यामुळे सिंफनीसारखी मोठी रचना चार-पाच तबकड्यांवर यायची आणि त्या तबकड्या फोटोच्या अल्बमसारख्या बांधलेल्या पुस्तकात ठेवायचे. नाव तिथून आलं. बाहेरून साधा तपकिरी नाहीतर करडा पुठ्ठा आणि पाठीवर, म्हणजे शेल्फवर दिसणाऱ्या अरुंद कडेवर, नाव. कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस हा विशीतला पोरगा नोकरीला लागला आणि १९४० च्या आसपास त्यानं कंपनीला पटवलं की पुढच्या बाजूला चित्र छापूया. १९४८ मध्ये कोलंबियानंच बारा इंची एलपी आणली आणि मग तो चौकोन पक्का झाला, इतका की आज तबकडी नसली तरी गाण्याचं चित्र चौकोनीच असतं.

साइजनं एवढा काय फरक पडतो?

खूप. एलपीचं कव्हर साधारण ३१ सेंटिमीटर, सीडीचं १२, म्हणजे एलपीचा चौकोन क्षेत्रफळानं साडेसहा पटीच्या वर मोठा. बीटल्सच्या सार्जंट पेपरच्या (१९६७, पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ) कव्हरवर पन्नासच्या वर चेहरे आहेत आणि एलपीवर ते एकेक ओळखत बसता येतं, परमहंस योगानंदांसकट चार भारतीय गुरू त्यात आहेत. गांधीजींचंही कटआउट बनवलेलं होतं पण भारतात लोक दुखावतील, विक्रीवर परिणाम होईल म्हणून ईएमआय कंपनीनं ते काढायला लावलं. हेच कव्हर सीडीवर नुसती गर्दी दिसते आणि फोनवर तर रंगीत ठिपके. म्हणून कुठल्याही कव्हरबद्दल लिहिताना ते कुठल्या साइजसाठी बनलंय हे पहिल्या परिच्छेदात लिहा. मूळ एलपीचं कव्हर फोनवर बघून "फार क्लटर आहे" असं लिहिलं तर तो त्या कव्हरवर अन्याय आहे.

सिंगलचं कव्हर आणि अल्बमचं कव्हर वेगवेगळं वाचायचं का?

हो, आणि याकडे फारसं कोणी बघत नाही म्हणून मला जास्त लिहावंसं वाटतं. सात इंची सिंगल १९४९ मध्ये आली तेव्हापासून बराच काळ ती कंपनीच्या छापील कागदी पाकिटात मिळायची, मध्ये गोल भोक, त्यातून लेबल वाचायचं. चित्र असलेलं पाकीट ब्रिटनमध्ये सर्रास झालं ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी, पंक या बंडखोर रॉक संगीताच्या लाटेत. अल्बम वर्षानुवर्षं शेल्फवर राहणार असतो. सिंगल आठवडा-दोन आठवडे दुकानात दिसणार, स्वस्त, पोरासोरांच्या खिशाला परवडणारी, त्यामुळे तिचं कव्हर पत्रकासारखं असतं, आत्ता आणि इथे बोलणारं. अल्बमचं कव्हर पुस्तकासारखं.

सेक्स पिस्टल्सच्या गॉड सेव्ह द क्वीनचं पाकीट बघा. १९७७, राणीच्या राज्यारोहणाचं रौप्यमहोत्सवी वर्ष, लंडनभर पताका. जेमी रीडनं राणीचा अधिकृत फोटो घेतला, डोळ्यांवर गाण्याचं नाव आणि तोंडावर बँडचं नाव चिकटवलं, अक्षरं वर्तमानपत्रातून कापून जोडलेली, खंडणीच्या चिठ्ठीत असतात तशी. रंग निळा आणि रुपेरी, आणि वर्ष रौप्यमहोत्सवाचं! आता अडचण शोधा: कापून चिकटवायला कात्री आणि गोंद पुरतो, छपाईला दोन रंग पुरतात, त्यामुळे हे झटपट आणि स्वस्तात होतं. हीच अक्षरं पुढे पंकची ओळख झाली आणि गावोगावच्या पोरांनी घरच्या घरी तशी पोस्टरं केली कारण ती त्यांना जमण्यासारखी होती.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला न्यू ऑर्डरचं ब्लू मंडे, १९८३, बारा इंची सिंगल. फ्लॉपी डिस्कसारखं दिसणारं कव्हर, फ्लॉपीला असतात तशी भोकं कापलेली, आतलं रुपेरी अस्तर त्यातून दिसतं, पुढे एकही शब्द नाही, उजव्या कडेला रंगांचे ठोकळे. ते ठोकळे म्हणजे अक्षरं आहेत, आणि उलगडायची चावी कुठे दिली? त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या अल्बमच्या मागच्या बाजूला, रंगांच्या एका चक्रात. अल्बमच्या पुढच्या बाजूला फ्रेंच चित्रकार फाँतँ-लातूरचं गुलाबांचं १८९० मधलं तैलचित्र, आणि त्याच्याही कोपऱ्यात तेच रंगीत ठोकळे. सिंगल आणि अल्बम एकमेकांशी बोलतात ते असं. भोकं कापायचा खर्च एवढा होता की पुढच्या आवृत्त्यांत ती काढून टाकली, म्हणून लिहिताना कुठली आवृत्ती समोर आहे तेही सांगा.

रंगांचे अर्थ कसे लावायचे? लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख, असा तक्ता मिळेल का?

तक्ता देत नाही, कारण त्यानं डोळे बंद होतात. लाल आपल्याकडे कुंकवाचाही आहे आणि एसटीचाही. त्यापेक्षा विचारा, किती शाई वापरलीय? ब्लू नोट या जॅझ कंपनीची पन्नास-साठच्या दशकातली कव्हरं बघा, रीड माइल्सची डिझाइन आणि फ्रान्सिस वुल्फचे फोटो. फोटो काळा-पांढरा आणि त्यावर एकच रंग, निळा नाहीतर केशरी नाहीतर हिरवा. आज आपण त्याला "मूडी" म्हणतो पण कंपनी छोटी होती आणि दोन शाईंची छपाई स्वस्त पडायची. माइल्सची कमाल ही की त्या एका रंगात त्यानं शेकडो कव्हरं केली आणि एक दुसऱ्यासारखं नाही. कधी फोटो स्टँपाएवढा आणि बाकी सगळी अक्षरं, कधी चेहरा कपाळात कापलेला. दोन शाई एवढंच लिहून थांबाल तर त्याच्यावर अन्याय होईल आणि नुसतं मूड लिहाल तर तेही अपुरं, दोन्ही जोडा.

आणि रंग मोजा, खरोखर मोजा. पिंक फ्लॉइडच्या डार्क साइड ऑफ द मूनवर (१९७३, हिप्नोसिस स्टुडिओ, रेखाटन जॉर्ज हार्डी) लोलकातून निघणारे रंग किती? सगळे सात म्हणतात कारण शाळेत तानापिहिनिपाजा पाठ केलेलं असतं. कव्हरवर सहाच आहेत, पारवा नाही. माझ्याकडे आलेल्या दहातल्या नऊ मुलांनी न मोजता सात लिहिलं होतं.

अक्षरांबद्दल काय लिहायचं? फॉन्टचं नाव माहीत असायलाच हवं का?

नाही. नावापेक्षा जागा, जाडी, आणि अक्षर चित्राच्या वर बसलंय की बाजूला उभं आहे, हे लिहा. क्लॅशच्या लंडन कॉलिंगवर (१९७९) डावीकडे खाली उतरणारी गुलाबी अक्षरं आणि तळाला हिरवी, ती रे लोरीनं एल्व्हिस प्रेस्लीच्या १९५६ च्या पहिल्या अल्बमवरून जशीच्या तशी उचलली. एल्व्हिसच्या हातात गिटार आणि तो गातोय, इथे क्लॅशचा पॉल सिमोनन स्टेजवर बास गिटार आपटून फोडतोय. अक्षरं तीच ठेवल्यामुळे दोन्ही फोटो शेजारी उभे राहतात आणि मधली तेवीस वर्षं दिसतात. फोटोग्राफर पेनी स्मिथला हा फोटो नको होता, फोकस गेलाय म्हणून, आणि फोकस खरंच गेलाय! पण त्या हललेपणातच आपटण्याचा जोर आहे, तांत्रिक चूक आणि योग्य चित्र एकाच फोटोत असू शकतं हे मला याच कव्हरनं शिकवलं.

अलीकडचं बघायचं तर चार्ली एक्ससीएक्स या गायिकेचं ब्रॅट (२०२४). पोपटी-हिरवा चौकोन, मध्ये एरियल फॉन्टमध्ये चार रोमन अक्षरं, मुद्दाम धूसर, कमी रेझोल्युशनची इमेज ताणल्यासारखी. चेहरा नाही. फोनवर शेकडो चेहऱ्यांच्या थंबनेलमध्ये तो एकटा हिरवा चौकोन लांबून ओळखू येतो आणि कोणीही पाच मिनिटांत त्याची नक्कल करू शकतं, म्हणूनच तो एवढा पसरला.

मराठी गाण्यांच्या कव्हरवरच्या अक्षरांना हेच लावता येईल?

बरंचसं, पण देवनागरीचे स्वतःचे प्रश्न आहेत. रोमन अक्षरं लांब लांब ठेवता येतात, आपल्याकडे अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, म्हणजे एका ओळीला तीन मजले लागतात, ते थंबनेलमध्ये बारीक केले की आधी अनुस्वार जातो आणि मग उकार. यूट्यूबवर येणाऱ्या मराठी सिंगल्सचं नाव पुष्कळदा जाड, सोनेरी, कडा उठवलेल्या अक्षरांत असतं, ते उगाच नाही, छोट्या आडव्या चौकटीत मात्रा टिकवायचा तो एक मार्ग आहे. मला स्वतःला कमी सजावटीची, हातानं लिहिलेली अक्षरं जास्त आवडतात, पण आवड वेगळी आणि अ‍ॅनालिसिस वेगळं, असाइनमेंटमध्ये दोन्ही वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवा.

आपल्याकडच्या जुन्या एलपी आणि कॅसेटबद्दल लिहिता येईल का?

जरूर लिहा, यावर फार कमी लिहिलं गेलंय. हिंदी सिनेमाच्या एलपीवर बहुतेक वेळा सिनेमाचं पोस्टरच चौकोनात बसवलेलं दिसतं, उभ्या पोस्टरचा चौकोन करताना कोण कापलं गेलं आणि कोण मोठं झालं ते बघा, नायक जागेवर आणि खलनायक कोपऱ्यात असं पुष्कळदा सापडतं. शास्त्रीय संगीताच्या कव्हरवर गायकाचा तानपुऱ्यासोबतचा फोटो नाहीतर रागाला शोभेल असं निसर्गचित्र. आणि कॅसेट आली की चौकोन गेलाच, उभा आयत आला, तोही तळहातापेक्षा लहान, त्यात गायक, संगीतकार, गीतकार, कंपनी आणि देवाचा फोटो सगळंच मावायला हवं. आमच्या घरी अभंगांच्या कॅसेटचा पूर्ण खोका होता, मी लहानपणी वाचायला शिकल्यावर आधी त्या पाठी वाचायचो, कारण टीव्हीखाली फक्त पाठीच दिसायच्या. तेव्हा पाठीकडेही बघा, शेल्फवर रोज दिसते ती पाठ.

परदेशी कव्हरवर आपले देव वापरलेले दिसतात, त्यावर कसं लिहायचं?

रागही खरा असू शकतो आणि कौतुकही, पण आधी चित्र कुठून उचललं ते शोधा. जिमी हेंड्रिक्सच्या अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्हच्या (१९६७) कव्हरवर विराट विष्णुरूपाचं कॅलेंडरछाप चित्र आहे आणि त्यात मधोमध हेंड्रिक्स आणि त्याचे दोन साथीदार. या छापील देवचित्रांची परंपरा आपल्या दारातली आहे, राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. हेंड्रिक्सला स्वतःला हे कव्हर पसंत नव्हतं, त्याला आपल्या नेटिव्ह अमेरिकन (ज्यांना तिकडे "इंडियन" म्हणत) वारशाशी जोडलेलं काहीतरी हवं होतं. "इंडियन" या एका शब्दाचे दोन अर्थ आणि मधे दोन खंड. १९९७ मध्ये एरोस्मिथच्या नाइन लाइव्ह्जवर कालियामर्दनाच्या चित्रात कृष्णाला मांजराचं डोकं लावलं होतं, हिंदू संघटनांनी विरोध केला आणि कव्हर बदललं गेलं. दोन्ही कव्हरांत चित्र उचललेलंच आहे. पण पहिल्यात देवाची रचना जशीच्या तशी ठेवून माणसं आत बसवलीत आणि दुसऱ्यात देवाचाच चेहरा बदललाय, लिहिताना हा फरक बारकाईनं मांडा.

कव्हरला हात लावून बघणं गरजेचं आहे का?

शक्य असेल तर हो. रोलिंग स्टोन्सच्या स्टिकी फिंगर्सला (१९७१, कल्पना अँडी वॉरहॉलची) खरी चेन लावली होती, जीन्सची. गठ्ठ्यात रचल्यावर चेनचा दट्ट्या शेजारच्या तबकडीत रुतायचा आणि गाणं खराब व्हायचं, मग चेन थोडी खाली ओढून पाठवायला लागले म्हणजे दट्ट्या मधल्या लेबलवर येईल. हे स्क्रीनवर कळणार नाही. बीटल्सचा पांढरा अल्बम (१९६८, रिचर्ड हॅमिल्टन) स्क्रीनवर नुसता पांढरा चौकोन आहे, सुरुवातीची प्रत हातात घेतल्यावर बँडचं नाव बोटांना उठून लागतं आणि खाली प्रत्येक प्रतीचा वेगळा नंबर दिसतो.

गाणी ऐकून लिहायचं की न ऐकता?

आधी न ऐकता एक पान, मग ऐकून दुसरं. रीड माइल्सला जॅझची विशेष ओढ नव्हती, ब्लू नोटचा संस्थापक अल्फ्रेड लायन त्याला रेकॉर्डिंगचा मूड सांगायचा आणि तो डिझाइन करायचा. कव्हर आणि गाणं यांच्यात असं अंतर असू शकतं, ते अंतर कुठे दिसतं ते लिहा.

डिझायनरनं मुलाखतीत सांगितलेला अर्थ अंतिम मानायचा का?

काय केलं हे सांगतो तेव्हा माना, म्हणजे कुठला फोटो, कुठला पुठ्ठा, कोणी नाही म्हटलं. लोकांना ते कसं वाटलं हे त्याच्या हातात नसतं.

माझ्याकडे एकही एलपी नाही, फक्त फोन आहे. काय करू?

मुंबईत असाल तर चोरबाजारात जुन्या एलपीची दुकानं आहेत, नुसतं चाळायला सहसा कोणी नाही म्हणत नाही, हात स्वच्छ ठेवा आणि तबकडी बाहेर काढायच्या आधी विचारा. तेही जमत नसेल तर चांगल्या रेझोल्युशनची इमेज घेऊन झेरॉक्सवाल्याकडे ए-थ्रीवर रंगीत प्रिंट मारा, साधारण २९ सेंटिमीटरचा चौकोन येतो, म्हणजे एलपीपेक्षा जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर कमी. ती भिंतीवर लावा, चार दिवस येता-जाता बघा, पाचव्या दिवशी वर्णन लिहायला बसा. मागच्या बाजूचीही प्रिंट काढा, मुलं ती विसरतात.